चुलीत भाजलेल्या गोळ्या

शाळेत बाबांना बाबा म्हणायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच केला होता. घराचं फाटक ओलांडलं की ते सर, आणि संध्याकाळी फाटकाची कडी लागली की परत बाबा. मधल्या वाटेवर, म्हणजे बोडीच्या पाळीवरून आम्ही दोघं सोबत चालायचो तेवढ्या वेळात, त्यांना काय म्हणायचं हे कधी ठरलं नव्हतं, म्हणून त्या वाटेवर मी त्यांना हाकच मारत नसे. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. तिच्या पाण्यावर खालच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांतलं, धान पिकतं आणि वरच्या पाळीवरून गाव शाळेत जातं. बाबा पुढे, मी मागे. त्यांची चप्पल टाचेला लागून फटफट वाजायची आणि त्या आवाजावरून मला कळायचं की आज सरांचा मूड काय आहे. जोरात वाजली की समजायचं, आज फळ्यावर काहीतरी अभ्यासक्रमाबाहेरचं येणार.

आमचं घर मातीचं, कवेलूंचं म्हणजे कौलांचं, पुढे सपरी आणि मागे वाडी. सपरी म्हणजे घराची पुढची बसायची जागा, तिथे एका बाजूला बाबांची पुस्तकं आणि दुसऱ्या बाजूला धानाची पोती. उंदीर दोन्हींवर सारखंच प्रेम करायचे. पहाटे घराला जाग यायची ती आईच्या चुलीजवळच्या खोकल्यानं, मग वाडीतल्या कोंबड्या, मग दूरच्या राईस मिलचा पट्टा सुरू व्हायचा आणि दिवसभर त्याची घरघर कानात बसायची, इतकी की मिल बंद पडली तरच तिचा आवाज ऐकू यायचा. जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, आंबाडीची भाजी किंवा सुकवलेल्या झिंग्यांची चटणी. झिंग्यांची चटणी ज्या दिवशी डब्यात असे त्या दिवशी मी डबा उघडत नसे, कारण शाळेत वासावरून चिडवायचे. आज जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये बसून मी तीच चटणी लोकांकडून मागवून खाते. लाजेचं असंच असतं, जिची लाज वाटली तिच्याचसाठी पुढे जीव तुटतो.

आईचं माहेर वैनगंगेच्या काठी होतं, आता ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. तिचे वडील गावाच्या धानाची राखण करायचे. माचीवर बसून पाखरं उडवायची, गुलेलीनं. शहरात बेचकी म्हणतात ती गुलेल. आमच्या भागात गुलेलीत दगड घालत नाहीत. रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत बाया चिखलात अनवाणी वाकून चालतात, आणि बांधीत पडलेला दगड पुढच्या वर्षी कुणाच्या तरी पायात रुततो. म्हणून बोडीतल्या मातीच्या गोळ्या करायच्या, आणि त्या चुलीत भाजायच्या. गोळ्या करणं पुरुषांचं काम आणि भाजणं घरच्या बाईचं. आधी कोमट राखेत पुरून ठेवायच्या, मग विस्तवाजवळ सरकवायच्या, नाहीतर फुटतात. कच्ची गोळी हातात भुगा झाली तर लोक त्या माणसाला हसत नाहीत, त्याच्या घरच्या बाईला हसतात. आई म्हणायची, कच्ची गोळी घेऊन घरधनी बाहेर निघाला म्हणजे समजायचं की त्याला कच्चा भातही मिळत असेल. हे ती गमतीनं सांगायची, पण तिचा त्यावर विश्वास होता.

बाबा मात्र गुलेलीतले नव्हते. ते शेतकऱ्याच्या घरात जन्मले खरे, पण नांगराच्या मागे चालताना त्यांचं लक्ष मातीच्या ढेकळाकडे नसून ते ढेकूळ उडून कुठे पडलं याकडे असे, असं काका सांगायचे. काका त्याचा राग करायचे. नागपूरला राहून बाबांनी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली, आणि गावाजवळच्या खाजगी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. तात्पुरते. हा शब्द आमच्या घरात पाहुण्यासारखा आला आणि मुक्कामाला राहिला. दरवर्षी शाळा सुटताना बाबा मोकळे व्हायचे आणि शाळा भरताना परत घेतले जायचे. वरून तपासणीला साहेब येतील, वर्ग बघतील, मान्यता देतील आणि मग बाबा कायम होतील, असं हेडमास्तर सांगायचे. आई देवाला हात जोडताना काय मागते हे मला माहीत होतं. ती देवाला पगार मागत नव्हती, 'कायम' हा शब्द मागत होती.

मी नववीत असताना बाबांनी वर्गात फेकयंत्रं करायला घेतली. धडा पुस्तकात नव्हता. बाबांच्या मते पुस्तकात नसलेल्या गोष्टीच खऱ्या शिकवण्यासारख्या असतात, आणि हेडमास्तरांच्या मते नेमक्या त्याच तपासणीत नडतात. प्रत्येक गटानं एक फूटपट्टी, दोन-तीन रबरबँड आणि घरून एक चमचा आणायचा होता. चमचा पट्टीला बांधायचा, त्यात खडूचा तुकडा ठेवायचा, मागे ओढायचा आणि सोडायचा. आठवडाभर वर्गात खडूंचा पाऊस पडला. गावातल्या बाया बाबांना रस्त्यात गाठून चमचे परत मागायला लागल्या. बाबा खाली उकिडवे बसून जमिनीवर खडू कुठे पडला तिथे खूण करायचे, पँटचे गुडघे पांढरे झालेले, आणि म्हणायचे की वस्तू एकदा हवेत सुटली की ती दोनच गोष्टी लक्षात ठेवते, किती जोरात सोडली आणि कोणत्या कोनात सोडली. ती लोखंडाची आहे की खडूची, हे तिला ठाऊक नसतं. वजनाचा संबंध नाही. हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. पंचेचाळीस अंशाला सगळ्यात लांब जातं हे आम्ही स्वतः करून पाहिलं, आणि मला आठवतं, त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की माझे बाबा सर आहेत हे बरंच आहे.

मग तपासणीची तारीख आली आणि बाबांच्या डोक्यात मोठं यंत्र शिरलं. पटांगणात दोन बांबू रोवून, मध्ये आडवी दांडी घालून, त्यावर आईचा लग्नकार्यातला मोठा लाकडी डाव बांधला. ओढायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, ओढलेला डाव अडकवून ठेवायला तारेची आकडी. बाजूच्या बांबूवर खुणा केल्या, या खुणेपर्यंत ओढलं की गोळी इथे पडणार, त्या खुणेपर्यंत ओढलं की तिथे. फेकायला बाबांनी स्वतः बोडीतल्या मातीच्या लिंबाएवढ्या गोळ्या वळल्या, सगळ्या एकसारख्या, आणि त्यांना भेगा पडू नयेत म्हणून ओल्या पोत्यात गुंडाळून घरी घडवंचीखाली ठेवल्या. रोज शाळा सुटल्यावर त्यातल्या थोड्या नेऊन आम्ही मारून पाहायचो. पटांगणाच्या टोकाला एक घमेलं ठेवलेलं असायचं, आणि शेवटच्या दिवसांत गोळी त्या घमेल्यात इतकी नेमकी पडायची की तिचा ठण्ण आवाज ऐकायला खालच्या बांधीतली माणसं पाळीवर येऊन उभी राहू लागली. ओढणं आणि गोळी ठेवणं हे काम माझं होतं. बाबांनी मला निवडलं नव्हतं, वर्गानं निवडलं होतं. हे मी आजही आवर्जून सांगते, कारण पुढे लोक वेगळं बोलले.

बाबांना त्या यंत्राचा इतका भरवसा वाटू लागला की साहेबांच्या खुर्च्या त्यांनी घमेल्याच्या पलीकडे मांडायचं ठरवलं. गोळी आपल्याकडे येताना दिसली तरच तिची वाट खरी कळते, बाजूनं बघून नाही कळत, असं त्यांचं म्हणणं. हेडमास्तर नको म्हणाले. बाबा म्हणाले, घमेल्याच्या पुढे बोटभरही जाणार नाही, जबाबदारी माझी. हेडमास्तरांनी ते शब्द लक्षात ठेवले.

तपासणीच्या दिवशी बाबा न जेवता लवकर गेले. मी डबा आणि गोळ्या घेऊन मागून जायचं ठरलं होतं. आई चुलीपुढे बसली होती. तिचा चेहरा विस्तवानं लाल झालेला, केसांत राख, आणि बाजूला ताटात लाखोळीच्या डाळीचे वडे, जे आमच्याकडे सणालाच होत. ओलं पोतं वाडीतल्या दोरीवर वाळत होतं. गोळ्या तिनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरून दिल्या. डबा गरम होता. मी तो छातीशी धरून निघाले तेव्हा फ्रॉकमधून ऊब लागत होती, आणि पाळीवर थंडीत मला ती छान वाटली. झाकण उघडून पाहिलं तर आत गोळ्या लालसर, कुठे कुठे काळ्या, खणखणीत. आईनं आदल्या संध्याकाळपासून त्या राखेत ठेवल्या होत्या. निघताना ती एवढंच म्हणाली होती, "साहेबापुढं कच्च्या गोळ्या कायले नेता, लोक का म्हनतीन."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट नटल्यासारख्या दिसत होत्या त्या. आणि वजनाचा संबंध नाही, हे तर फळ्यावर दोन रेघा मारून लिहिलेलं होतं.

साहेब आले ते उशिरा आले. अंगात पांढरा सफारी, सोबत आणखी दोघं. त्यांना घमेल्यापलीकडच्या खुर्च्यांवर बसवलं, हातात कपबशा दिल्या. बाबा त्यांच्याजवळ उभे होते, माझ्यापासून दूर, पटांगणाच्या त्या टोकाला. तिथून त्यांना गोळीचा रंग दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी साहेबांना आधीच सगळं समजावून सांगितलं होतं, हे त्यांच्या हातांच्या हालचालीवरून मला कळत होतं. मग त्यांनी रुमाल हलवला. मी डाव खुणेपर्यंत ओढला, गोळी ठेवली, आकडी सोडली.

गोळी घमेल्यावरून गेली. तिची घमेल्याकडे बघण्याचीसुद्धा इच्छा नव्हती. साहेबांच्या बुटापुढे मातीत रुतली. पोरं हसली, पाळीवरची माणसं हसली, एक साहेबही हसले. बाबा हसले नाहीत. ते ओरडून म्हणाले, ओढ कमी-जास्त झाली, नेमकं खुणेवर ओढ. मी नेमकंच ओढलं होतं. पण सरांना उलटं कसं बोलणार. दुसऱ्यांदा मी डाव ओढून खूण दोनदा तपासली, आणि ती गोळी आधीच्या गोळीपेक्षाही थोडी पुढे गेली. कपबशीचा आवाज आला. साहेब उभे राहिले तेव्हा त्यांच्या सफारीवर चहा होता आणि ते एका हातानं खांदा दाबून धरत होते. गोळी त्यांच्या पायाशी घरंगळत होती, अख्खी.

कुणी तरी मोठ्यानं म्हणालं, "मास्तरनं साहेबाले गोळी घातली बे," आणि मग जे हसणं सुरू झालं ते मला आजही ऐकू येतं. मी त्या डावाजवळ उभी होते. जमिनीत शिरावंसं म्हणतात ते काय असतं हे मला कळलं. त्या क्षणी मला बाबांची कीव आली असती तर बरं झालं असतं. मला त्यांचा राग आला. ते रुमालानं साहेबांची सफारी पुसत होते, वाकून, आणि साहेब त्यांचा हात बाजूला करत होते. बाबा तो हात परत परत पुढे नेत होते. बास करा ना, असं मी मनात म्हणत होते, बास करा, सगळे बघत आहेत. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं की हे काय झालं, आणि बाबा म्हणाले, "चूक माझीच." एवढंच.

संध्याकाळी घरी आल्यावर आईनं विचारलं नाही, कारण बातमी तिच्याकडे आधीच येऊन बसली होती. तिनं भात वाढला, सकाळचे वडे गरम केले. बाबा जेवले. मी ताटाकडे बघत होते. मग आई हळूच म्हणाली, "निशाना काहून चुकला असन?" बाबांनी घास गिळला आणि म्हणाले, "हात चुकला." हात तर माझा होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात सर होते, म्हणून मी गप्प बसले. त्यांनी आणखी भात मागितला. आईला तेवढ्यानंही बरं वाटलं असावं, कारण वाढता वाढता ती म्हणाली की निशाणा गेला तो गेला, पण गोळी साहेबाला लागूनसुद्धा फुटली नाही, लोक सांगत होते. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. बाबा म्हणाले, हो, नाही फुटली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते मला पटांगणात थांब म्हणाले. यंत्र मोडून बांबू बाजूला ठेवले होते. प्रयोगाच्या कपाटात आधीच्या सरावातल्या दोन-तीन कच्च्या गोळ्या ओल्या फडक्यात उरल्या होत्या. त्यातली एक त्यांनी माझ्या एका तळहातावर ठेवली आणि कालची भाजलेली एक दुसऱ्या तळहातावर.

"कोनती जड?"

मी कच्ची दाखवली. फरक सांगायला तराजू लागत नव्हता.

"वजनाचा संबंध नाही म्हनलं होतं न मी वर्गात," ते म्हणाले. "तो हवेत सुटल्यावर नाही. सुटायच्या आंदी असते. तेवढ्याच जोरानं ओढलं तं हलकी गोळी जास्त जोरात सुटते. हे मले माहीत होतं वनिता. सांगाचं राहून गेलं, अन् माह्या ध्यानातूनही गेलं."

मग त्यांनी दोन्ही गोळ्या माझ्या हातातून घेतल्या आणि खिशात टाकल्या. थोडं चालून झाल्यावर, पाळीवर, जिथे ते सरही नव्हते आणि बाबाही नव्हते तिथे, ते म्हणाले, "आईले सांगू नको. तिनं त्या माही लाज राखाले भाजल्या."

हे समजल्यावर माझी लाज जायला हवी होती. गेली नाही, उलट आता ती दुहेरी झाली. वर्गात पोरं मला गोळी म्हणायला लागली आणि बाबांना गोळीमास्तर. मास्तरनं मुद्दाम पोरीला पुढे केलं, पोरीला धड ओढता येत नव्हतं, असंही बोलले. मला खरं काय ते ओरडून सांगावंसं वाटायचं, आणि सांगायचं तर आईचं नाव घ्यावं लागलं असतं. मग गावात तेच झालं असतं जे तिला नको होतं, लोक बाबांना सोडून तिला हसले असते. म्हणून मी कुणाला काही सांगितलं नाही, आणि त्या न सांगण्याचा राग बाबांवर काढला. पाळीवरून जाताना मी त्यांच्या मागे आधी चार पावलं असायचे, ती आता इतकी मागे राहू लागले की चपलेचा आवाजही येत नसे. समोरून कुणी आलं तर मी वाकून पायातला काटा काढायची. असले किती काटे मी त्या वर्षी काढले देव जाणे. बाबांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्यांना कळत नव्हतं असं नाही. मी एकटी पडू नये म्हणून ते हळू चालायचे, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

मान्यता आली नाही. साहेबांनी काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही, हेडमास्तरांनी मात्र 'जबाबदारी माझी' हे शब्द बाबांना परत ऐकवले. त्या उन्हाळ्यात शाळा सुटताना बाबा नेहमीसारखे मोकळे झाले आणि शाळा भरताना त्यांना बोलावणं आलं नाही. काकांसोबत ते बांधीत उतरले. संध्याकाळी सपरीवर पोरांना शिकवायचे, गावातली पोरं दहावीला त्यांच्याकडेच यायची, आणि तीच पोरं बाहेर पडली की त्यांना गोळीमास्तर म्हणायची. प्रेमानं म्हणायची पुढे पुढे, पण नाव तेच. मी लग्न होऊन जवाहरनगरला आले. नवरा तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात. तिथे काय बनतं ते आम्ही बायका विचारत नाही, पण लांब फेकायच्या वस्तूंनी माझा पिच्छा सोडला नाही एवढं खरं. माझ्या सासरी बाबा पहिल्यांदा आले तेव्हा कुणी तरी विचारलं की आपण काय करता, आणि ते म्हणाले, शेतकरी. मी आतून चहा आणत होते. ते मास्तर होते असं मी सांगू शकले असते. कप ठेवून मी आत गेले.

बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. आई आहे, गावातच, माझ्या भावाकडे. घर आता सिमेंटचं झालं, गॅस आला, पण वाडीत पाणी तापवायला तिनं एक चूल राखून ठेवली आहे आणि त्या चुलीला कुणाला हात लावू देत नाही. यंदाच्या दिवाळीत मी गावी गेले तेव्हा माझी नात ईशा सोबत होती. नागपूरच्या शाळेत शिकते, आणि सुट्टीत करायला तिच्या शाळेनं काय दिलं होतं म्हणाल तर फेकयंत्र. आइस्क्रीमच्या काड्या, रबरबँड, प्लॅस्टिकचा चमचा. मोबाइलवर सगळी कृती आलेली. मी ते इतक्या वर्षांनी परत पाहत होते.

आईनं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. डोळ्यांनी तिला आता कमी दिसतं, बोटांना सगळं दिसतं. "यात का घालतेस वो पोरी?" ईशानं कागदाचा बोळा दाखवला. आईला ते पटलं नाही. तिनं माझ्या भावाकडून बोडीतली माती आणवली, बोरांएवढ्या गोळ्या वळल्या आणि सकाळी पाण्याच्या चुलीतल्या राखेत पुरल्या. राख सगळ्यांना पुरली नाही, म्हणून निम्म्या कच्च्याच ताटलीत राहिल्या. मी बाजूला बसून हे बघत होते.

दुपारी ईशा अंगणात मारून बघत होती. आई चुलीजवळ बसून माझ्याशी लाखोळीबद्दल बोलत होती, यंदा कशी आली, किडली की नाही. ईशा दर वेळी जमिनीवर खडूनं रेघ मारत होती, कुणी न शिकवता, उकिडवी बसून. मग ती उठून आली आणि पणजीला म्हणाली, साधेपणानं, जसं पोरं सांगतात तसं, की आजी, तू भाजलेल्या जास्त लांब जातात आणि कच्च्या जवळ पडतात, सगळ्या वेळेस. पाणी उडून त्या हलक्या होतात ना, म्हणून. आणि परत खेळायला गेली.

आईचा हात राखेत होता, तो तिथेच थांबला. मग तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "वने, तुह्या बाबाले हे माहीत होतं?"

मला दिसत होतं की होय म्हटलं तर ती पुढचं सगळं स्वतः जुळवेल. तो दिवस, ती गेलेली शाळा, सपरीवरच्या शिकवण्या, ते नाव. आणि त्यानंतर त्या माणसानं तिच्या हातचं जेवलेलं प्रत्येक जेवण.

"नाही," मी म्हटलं. "त्याईले शेवटपर्यंत हातच चुकला वाटे."

"खरं?"

"खरं."

तिनं श्वास सोडला. "मंग बरं झालं," ती म्हणाली. "माहीत असतं तं माह्या हातचा भात त्याईले गोड लागला नसता."

मला त्या संध्याकाळचं ताट आठवलं. वडे होते, भात होता, आणि सगळं कळून चुकलेला माणूस आणखी भात मागत होता. मी त्याच्यासोबत एका रस्त्यावरून चालायची लाज धरली होती. मी पदर तोंडावर घेतला, धूर लागतो म्हणून सांगितलं.

थोड्या वेळानं आईनं राख सारखी केली, विस्तव फुंकला आणि म्हणाली, "त्या कच्च्या राहिल्या त्याही आन इकडे. पोट्टी घरी जाईस्तोवर फुटतीन, अन् लोक मले हासतीन."

मी उठले, ताटलीतल्या कच्च्या गोळ्या आणून तिच्यापुढे ठेवल्या.